चिपिंग बार्नेट : टपालरस्ते आणि गुरांच्या वाटा

लंडनच्या उत्तरेस सुमारे १८ किमीवर, टेकडीच्या माथ्यावर वसलेले जुने बाजारगाव. पूर्वी ते हर्टफर्डशर परगण्यात होते. १९६५ पासून बृहन्लंडनमध्ये मोडते. ‘चिपिंग’ म्हणजे बाजार. आपल्याकडे गावाच्या नावाला ‘पेठ’ जोडतात, तसेच हे. बाजाराची सनद जॉन राजाने ११९९ मध्ये दिली.

यॉर्क व एडिंबराकडे जाणारा ग्रेट नॉर्थ रोड गावातूनच जाई. सेंट ऑल्बन्समार्गे होलिहेड बंदराला, म्हणजे आयर्लंडचे टपाल जिथून जहाजाने जाई तिथे जाणारी वाट इथेच फुटे. लंडनहून निघालेल्या गाड्यांचे घोडे पहिल्यांदा बदलायचे ते बहुधा इथे, त्यामुळे गावात खाणावळींपेक्षा तबेल्यांचा तोरा अधिक. ‘रेड लायन’ आणि ‘ग्रीन मॅन’ या दोन सरायांत गिऱ्हाइकांवरून चांगलीच जुंपे. टेकडीचा चढ घोड्यांचा दम काढी. १८२० च्या दशकात भराव घालून तो सौम्य करण्यात आला.

गुरांची गोष्ट वेगळी. वेल्समधले हेडी, म्हणजे गुरांचे व्यापारी, काळ्या गुरांची खिल्लारे शेकडो किलोमीटर चालवत आणत, दिवसाला जेमतेम २५-३० किमी. घाई केली तर जनावर झडते आणि भाव पडतो. खडीच्या रस्त्यासाठी गुरांच्या खुरांना नालासारख्या पत्र्या ठोकत. खूर दुभंगलेला असल्याने एकेका जनावराला आठ. टोल चुकवण्यासाठी माळामाळाने जाणाऱ्या आडवाटा धरत. या धंद्यावर कायद्याची नजर होती. १५६३ च्या कायद्यानुसार हेड्याला परवाना लागे आणि तो तिशीचा, विवाहित, घरदार असलेला असावा लागे. परक्याची गुरे आणि रोकड ज्याच्या हाती द्यायची, त्याच्या मागे घर असलेले बरे, असा हिशेब असावा. पुढे यांच्यातल्याच एकाने, डेव्हिड जोन्सने, १७९९ मध्ये वेल्समधील लँडव्हरी येथे ‘ब्लॅक ऑक्स’ बँक काढली. तिच्या नोटांवर काळा बैल असे.

बार्नेटच्या जत्रेला १५८८ मध्ये पहिल्या एलिझाबेथ राणीची सनद मिळाली. सप्टेंबरात गुरे इथे विकली जात, भोवतालच्या कुरणांत पोसली जात आणि मग लंडनमधल्या स्मिथफील्डच्या गुरांच्या बाजारात पोचत.

१८३८ मध्ये लंडन-बर्मिंगहॅम रेल्वे पूर्ण झाली आणि टपालगाड्या पाहता पाहता बंद पडल्या. गुरेही हळूहळू डब्यांतून येऊ लागली. जत्रेचे नाव मात्र लंडनच्या बोलीत राहिले आहे : ‘हेअर’शी (केस) ‘बार्नेट फेअर’चे (बार्नेटची जत्रा) यमक जुळवून तिथे डोक्यावरच्या केसांना अजूनही ‘बार्नेट’ म्हणतात.