बांगलादेशातील कूपनलिकांची आर्सेनिक तपासणी

हातपंपाच्या पाण्यात आर्सेनिक किती आहे, हे पंपाजवळच रासायनिक संचाने पाहण्याची पद्धत. पिण्याच्या पाण्यातील एखाद्या विषासाठी इतकी व्यापक तपासणी जगात क्वचितच झाली असेल.

तळी-नद्यांचे दूषित पाणी सुटावे, हगवणीने मुले दगावू नयेत म्हणून १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने येथे हातपंप बसवले गेले. पुढे लोकांनी पदरचे पैसे घालून लाखो पंप घेतले. आर्सेनिकची चाचणी मात्र कोणी केली नाही. पश्चिम बंगालमध्ये के. सी. साहा या त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ मध्येच आर्सेनिकच्या विषबाधेचे रुग्ण ओळखले होते. बांगलादेशात १९९३ मध्ये चापाई नवाबगंज जिल्ह्यात हे विष निश्चितपणे सापडले. आदल्याच वर्षी ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने देशातील काही भूजलाचे अनेक घटक तपासले होते, त्यांत आर्सेनिक नव्हते. त्यावरून ब्रिटनमध्ये संस्थेविरुद्ध झालेला दावा हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे तिथले सर्वोच्च न्यायालय) २००६ मध्ये फेटाळला. कायद्याचे उत्तर काहीही असो, जे तपासले नाही त्याबद्दल अहवाल गप्प असतो आणि वाचणारा पाणी चांगले आहे असे धरून चालतो.

आर्सेनिकला रंग, वास, चव नाही. पाणी उकळूनही ते जात नाही. म्हणून चाचणीला पर्याय नाही. संचातील बाटलीत पाणी घेऊन त्यात आम्ल व जस्ताची पूड टाकतात. पाण्यातल्या आर्सेनिकपासून आर्सीन वायू तयार होतो आणि झाकणात बसवलेल्या मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदी पट्टीवर पिवळा ते तपकिरी डाग उमटवतो. डागाचा रंग तक्त्याशी ताडून प्रमाण ठरवतात. आर्सीन विषारी असल्याने काम उघड्यावरच करावे लागते. डाग अंधुक असला की दोन माणसे दोन आकडे वाचतात, त्यामुळे मर्यादेच्या आसपासच्या पंपांचा निकाल प्रयोगशाळेत पडताळणे आवश्यक ठरते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, बांगलादेशाची ५०.

१९९८-९९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५० मीटरपेक्षा उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के ५० मायक्रोग्रॅमच्या वर निघाल्या. त्यानंतरच्या मोहिमेत जवळपास ५० लाख पंप तपासून त्यांच्या तोट्या रंगवल्या: धोक्याच्या लाल, सुरक्षित हिरव्या. नमुन्यावरून गावाचा अंदाज बांधता येत नाही, कारण काही मीटरवरच्या दोन पंपांचे पाणी अगदी वेगळे निघते. नदीच्या गाळातील लोहाच्या ऑक्साइडांतून आर्सेनिक सुटते आणि हा गाळ जागोजाग बदलतो. त्यामुळे प्रत्येक पंप तपासणे भागच असते. एका अर्थाने हेच सोयीचेही आहे: लाल पंप असलेल्या घराला चांगले पाणी बहुधा शेजारच्याच अंगणात मिळते. बांगलादेशातल्याच आराइहजार भागातील संशोधनात निकाल कळल्यावर अनेक कुटुंबांनी पंप बदलल्याचे दिसले. पाणी भरणाऱ्या बाईला शेजारी रोज येऊ देईल का, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

मोहीम संपली, पण पंप बसवणे थांबले नाही. रंग काही वर्षांत उडाला, नवे पंप बहुतेक खासगी आणि न तपासलेले राहिले. त्याच भूजलात अनेक ठिकाणी मँगनीजही जास्त आहे, आणि आर्सेनिकच्या संचात ते दिसत नाही.