खतना प्रतिबंध (ठाणे व नवी मुंबई)

वैद्यकीय कारण नसताना मुलीच्या बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणे किंवा त्याला इजा करणे, याला जागतिक आरोग्य संघटना स्त्री जननेंद्रिय विच्छेदन म्हणते. संघटनेने त्याचे चार प्रकार मानले आहेत. युनिसेफच्या २०२४ च्या अंदाजानुसार जगातल्या २३ कोटींहून अधिक मुली व स्त्रियांनी हे सोसले आहे. भारतात ही प्रथा मुख्यतः दाऊदी बोहरा या शिया मुस्लिम समाजात आढळते. तिथले शब्द खतना आणि खफ्ज. साधारण सातव्या वर्षी शिश्निकेवरची (क्लिटोरिसवरची) त्वचा, कधी शिश्निकेचाही थोडा भाग कापला जातो. याचा शरीराला कसलाही फायदा नाही. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीच्या वेळची आग, पुढे संभोगातल्या वेदना आणि मनात बसलेली भीती, एवढेच हाती येते. कारण विचारले तर कोणी धर्माज्ञा सांगते, कोणी पावित्र्य. त्या अवयवाला ‘हराम की बोटी’ (निषिद्ध मांसाचा तुकडा) म्हणण्यात मात्र खरा हेतू उघड होतो: मुलीच्या कामेच्छेला आवर घालणे.

हे काम बहुधा घरातल्या बायकाच घडवून आणतात. या प्रथेविरुद्ध लढणाऱ्या बोहरा कार्यकर्त्या मसूमा रानाळवी यांनी जाहीरपणे सांगितले आहे, की सात वर्षांच्या असताना आजी त्यांना आइस्क्रीम आणि चॉकलेटचे आमिष दाखवून दक्षिण मुंबईतल्या, बोहरा वस्तीच्या भेंडीबाजारात घेऊन गेली होती. ठाण्याहून धीमी किंवा वाशीहून हार्बरची गाडी धरली, की सँडहर्स्ट रोडला उतरून भेंडीबाजार चालत गाठता येतो. म्हणून इथल्या मुलीला परगावी नेतील तेव्हाच धोका, असे समजून वाट पाहणे चुकीचे. एका दुपारीही हे उरकू शकते, आणि संध्याकाळी मुलगी घरी असते.

त्यामुळे खरा प्रतिबंध त्या दुपारच्या आधी, घरातच व्हावा लागतो. आईच्या स्वतःच्या अंगावर तेच घडलेले असते, आणि ‘माझ्या वेळी झालं, काही बिघडलं नाही’ हे वाक्य ती कधी सासूकडून, कधी स्वतःच्याच तोंडून ऐकते. तिला दोषी धरले तर दार बंद होते. तिच्या आठवणीबद्दल शांतपणे विचारले तर ती बोलू लागते. २०१५ साली मुंबईत सुरू झालेली ‘सहियो’ ही संस्था नेमके हेच करते: बोहरा स्त्रियांनी बोहरा स्त्रियांशी बोलायचे. वडिलांना अनेकदा हे ‘बायकांचं काम’ म्हणून माहीतच नसते. त्यांनी ठामपणे नाही म्हटले तर पुष्कळ काही थांबते. समाजातच या प्रथेचे समर्थन करणाऱ्या स्त्रियाही आहेत, हे नोंदवायलाच हवे. केवळ आडनाव पाहून कोणत्याही घरावर संशय घेणे हाही अन्यायच.

भारतात यासाठी स्वतंत्र कायदा नाही. २०१७ साली वकील सुनीता तिवारी यांनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने त्याच वर्षी, प्रथेचे अस्तित्व दाखवणारी अधिकृत आकडेवारी नाही, असे शपथपत्र दिले. मोजलेच नाही तर आकडा येणार कुठून? २०१८ मध्ये महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी मात्र ही कृती भारतीय दंड संहिता आणि पोक्सो (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) यांखाली गुन्हा ठरते, अशी भूमिका घेतली. त्या वर्षी सप्टेंबरात प्रकरण घटनापीठाकडे सोपवले गेले.

पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडण्याची नुसती शंका असली, तरी पोलिसांना कळवायलाच हवे, आणि सद्भावनेने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही. शेजारीण, शिक्षिका, मावशी, कोणीही १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करू शकते. अत्याचाराचा धोका असलेल्या मुलीच्या संरक्षणाचा आदेश जिल्ह्याची बाल कल्याण समिती देऊ शकते. शाळेत सुट्टीनंतर मुलगी नीट बसत नसेल, स्वच्छतागृहात फार वेळ लावत असेल, पीटीचा तास टाळत असेल, तर बाईंनी तिच्याशी एकांतात, मऊपणे बोलावे. तपासणी करणे हे त्यांचे काम नव्हे, ते डॉक्टरांचे.

नकार देणाऱ्या कुटुंबाला सर्वांत मोठी धास्ती असते ती वाळीत टाकले जाण्याची: लग्न जमेल का, दफनाला जागा मिळेल का. मुंबई प्रांताचा १९४९ चा बहिष्कारविरोधी कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये, बोहरा धर्मगुरूंच्याच याचिकेवर, रद्द केला. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ठाण्यातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रिया आणि मुलांना मोफत वकील मिळतो, हे अशा घराला आधीच माहीत असायला हवे.

ज्यांचा खतना झाला आहे, त्यांना पुढे बाळंतपणात किंवा वेदनांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जावे लागते. तिथे डॉक्टरांच्या चेहऱ्यावर धक्का दिसला, की बाई पुन्हा येत नाही. ‘लहानपणी खतना झाला होता का? सांगावंसं वाटलं तरच सांगा,’ एवढे विचारले आणि उत्तर येईपर्यंत थांबले, तर ती बहुधा सांगते.