शालूला भोक पाडतो कोण?

कपाटातून इवलासा सोनेरी पतंग उडाला की घरात ओरडा होतो, "मारा, शालू खाईल!" अहो, त्याचे मुखावयव निकामी असतात. अळीपणी साठवलेल्या चरबीवर तो थोडे दिवस जगतो, तेवढ्यात मादी अंडी घालते, संपलं. भोकं पाडते ती अळी. 'कसर लागली' म्हणतो ना, ती बऱ्याचदा हिचीच करामत. लोकर, पिसं, केस यांतलं केराटिन नावाचं प्रथिन तिला पचतं, रेशीमही चालतं. सुती साडीला ती सहसा तोंड लावत नाही, घामाचे-तेलाचे डाग असतील तर गोष्ट वेगळी.

ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालणारे पतंग तर निराळेच. कपड्यांचा पतंग उजेड टाळतो. त्या घिरट्या घालणाऱ्यांतले कित्येक फुलांतला मधुरस पितात, आणि पाली, वटवाघळं, रातवे पक्षी त्यांच्यावर ताव मारतात.