जिवाणूंची वस्ती : मांडवीकाठच्या पटकीपासून नव्या प्रतिजैविकांच्या शोधापर्यंत

१५४३ साली गोवा शहरात, म्हणजे आजच्या जुने गोव्यात, पटकीची (कॉलऱ्याची) मोठी साथ आली. माणसे इतकी मरू लागली की लोकांचा धीर सुटू नये म्हणून गव्हर्नरने मृतांसाठी चर्चची घंटा वाजवायला मनाई केली. गास्पार कोर्रेया या पोर्तुगीज इतिहासकाराने हे नोंदवून ठेवले आहे. एका मृताचे शवविच्छेदनही झाले आणि त्यात जठर आकसलेले आढळले. पुढे वीस वर्षांनी, १५६३ मध्ये, गार्सिया द ऑर्ता या वैद्याने गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या रोगाचे वर्णन केले. इथले लोक तेव्हा त्याला मोडशी म्हणत. बुडालेली नाडी, गार पडलेले अंग, खोल गेलेले डोळे, पायांत येणारे गोळे, न भागणारी तहान ही त्याने टिपलेली लक्षणे आजच्या डॉक्टरलाही लगेच ओळखता येतील. साथींनी आणि हिवतापाने ते शहर हळूहळू रिकामे केले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणजीकडे हलवला आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. त्याच्या आदल्याच वर्षी पणजीत वैद्यकीय शाळा निघाली होती. आजच्या गोमेकॉचे, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचे, मूळ तिथे आहे.

अलीकडे जिवाणूंविषयी ज्या बातम्या येतात (ते एकमेकांना निरोप देतात, एकमेकांना मारतात, संगणकाने नवे प्रतिजैविक शोधले), त्या सुट्या सुट्या वाचल्या तर चमत्कारासारख्या वाटतात. त्यांच्यामागे एकच गोष्ट आहे. जवळजवळ शंभर वर्षे आपण जिवाणूला त्याच्या वस्तीतून उचलून, एकटा, भरपूर खायला घालून अभ्यासला. औषधेही तशाच एकट्या जिवाणूवर पारखली. आता संशोधक त्याला तो जिथे आणि ज्यांच्याबरोबर राहतो तिथे पाहू लागले आहेत. गोव्यासारख्या खाड्या, खाजने आणि बंदराच्या मुलखासाठी हा बदल जवळचा आहे, कारण पटकीचा जिवाणू मुळात खाडीचा रहिवासी आहे.

जिवाणूला असे एकटे काढून अभ्यासण्याची पद्धत जर्मन वैद्य रॉबर्ट कॉखची. १८८३ च्या अखेरीस तो कोलकात्यात आला, पटकीच्या रुग्णांच्या आतड्यांत त्याला स्वल्पविरामासारखा वाकडा जिवाणू सापडला, आणि ज्या वस्तीत रुग्ण होते तिथल्या तळ्याच्या पाण्यातही तोच आढळला. फिलिप्पो पाचिनी या इटालियन शास्त्रज्ञाने तो १८५४ मध्येच पाहिला होता, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते. काचेच्या बशीत आगर या जेलीसारख्या पदार्थाच्या थरावर एकाच जातीचा ठिपका वाढवायचा, त्याच्यापासून रोग होतो का ते पाहायचे, या शिस्तीने वैद्यकाला जे दिले ते अमूल्य आहे. क्षय, घटसर्प, विषमज्वर, प्लेग यांचे जिवाणू बघता बघता हाती लागले.

महारोगाने मात्र या शिस्तीला दाद दिली नाही. या रोगाचे गोव्याशी जुने नाते आहे. पेडण्यातल्या मांद्रे गावी जन्मलेल्या डॉ. भाऊ दाजी लाडांनी मुंबईत कडू कवठीच्या बियांच्या तेलाने महारोग्यांवर उपचार केले. ते १८७४ मध्ये वारले. त्याच्या एकच वर्ष आधी नॉर्वेत हान्सेनने महारोगाचा जिवाणू पाहिला होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बाणावलीचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ फ्रोयलान द मेलो यांनी साष्टीत माकाझानला महारोग्यांसाठी केंद्र उभारले. इतकी वर्षे झाली, तरी हा जिवाणू आजही कुठल्याच बशीत वाढत नाही. त्याला जिवंत पेशी लागते. तो उंदराच्या पंजात वाढवावा लागतो, नाहीतर आर्माडिलो या अमेरिकन प्राण्यात. एकाचे दोन व्हायला त्याला जवळपास दोन आठवडे लागतात. इतक्या जुन्या ओळखीच्या रोगाचा जंतू आपल्या बशीत यायला तयार नाही, हा इशारा विज्ञानाने फार उशिरा मनावर घेतला असे मला वाटते.

कारण दरम्यान औषधांची लाट आली होती. १९२८ मध्ये फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसले. १९४३ मध्ये वाक्समनच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झने मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसिन वेगळे केले आणि क्षयावर पहिल्यांदा उतारा मिळाला. १९४५ मध्ये सार्डिनियातल्या काल्यारी शहरात ज्युझेप्पे ब्रोट्झू या डॉक्टरने, शहराचे सांडपाणी समुद्राला मिळते तिथल्या पाण्यातून एक बुरशी घेतली. सेफालोस्पोरिन कुळातली सगळी औषधे तिच्यापासून आली. महाराष्ट्रात १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. तिथे सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध निघाले. गावाचे नाव जिवाणूला आणि कंपनीची आद्याक्षरे औषधाला!

पुढे हा झरा आटला. माती तपासावी तर तीच तीच ओळखीची द्रव्ये पुन्हा हाती येऊ लागली, कारण निसर्गातल्या जिवाणूंपैकी एखादाच टक्का बशीत वाढतो आणि सगळे जण त्याच टक्क्यात शोधत होते. १९८० च्या दशकानंतर पूर्णपणे नव्या वर्गाची औषधे विरळाच आली. पैशाचे गणितही जुळेना. नवे प्रतिजैविक निघाले की ते राखून ठेवावे लागते आणि रुग्ण ते आठवडाभरच घेतो, म्हणून मोठ्या कंपन्यांनी या कामातून अंग काढले. जिवाणू मात्र थांबले नाहीत. २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट औषध-प्रतिकारामुळे झाले, असा अंदाज आहे.

याच काळात, बराचसा औषधशोधाच्या बाहेर, जिवाणूंच्या वागण्याचा अभ्यास चालू होता. त्यातला मोठा भाग व्हिब्रिओ कुळावर झाला. पटकीचा जिवाणू याच कुळातला. समुद्रात चमकणाऱ्या एका व्हिब्रिओवर काम करताना नील्सन आणि हेस्टिंग्ज यांनी १९७० मध्ये दाखवले की हा जिवाणू एकटा असताना उजेड पाडत नाही. प्रत्येक जण एक लहानसा रेणू पाण्यात सोडत असतो. गर्दी झाली, रेणू साठला, की सगळे एकदम उजळतात. (आपल्या किनाऱ्यांवर कधी कधी लाटांतून दिसणारी निळी चमक वेगळी, ती बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाची असते.) या शिरगणतीला १९९४ मध्ये कोरम सेन्सिंग हे नाव मिळाले. पटकीच्या जिवाणूत तिचा उपयोग उलटा निघाला. संख्या कमी असताना तो आतड्याला चिकटतो आणि विष बनवतो. संख्या वाढली की दोन्ही थांबवून सुटा होतो आणि जुलाबाच्या पाण्याबरोबर बाहेर पडतो. रोग्याला कोरडे करणारे ते पाणी जिवाणूच्या दृष्टीने परतीची वाट आहे.

हे पाणी जिवाणूमुळे नव्हे, त्याच्या विषामुळे सुटते, हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सिद्ध केले. जिवाणू गाळून काढून टाकले, नुसता द्रव सशाच्या आतड्यात सोडला, तरी आतडे पाण्याने फुगले. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजून मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आणले. एकही जिवाणू न मारता जीव वाचवता येतो, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. मग १९९६ मध्ये कळले की या विषाची जनुके मुळात जिवाणूची नाहीतच. एक विषाणू ती घेऊन येतो आणि जिवाणूत शिरतो. खाडीतले बहुसंख्य व्हिब्रिओ निरुपद्रवी असतात. हा पाहुणा घरात आला की तोच जिवाणू साथ पसरवतो.

आता सुंगटाच्या, म्हणजे कोळंबीच्या, कवचावर जरा थांबू. सुंगटे, खेकडे आणि पाण्यातले डोळ्यांना न दिसणारे त्यांचे भाऊबंद यांच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ असतो. खाडीच्या पाण्यात पटकीचा जिवाणू मोकळा फारसा राहत नाही. तो या कायटिनला चिकटतो, भोवती चिकट थर बांधतो आणि तेच खातो. कायटिनचा स्पर्श हाच त्याच्यासाठी हुकूम आहे. २००५ मध्ये दिसून आले की कायटिनवर बसल्यावर तो आसपासचा सुटा डीएनए आत ओढून घेऊ लागतो. पुढच्या वर्षी त्याच्याकडे स्प्रिंगसारखे आखडून शेजाऱ्याच्या अंगात विषारी टोक खुपसणारे यंत्र सापडले. २०१५ मध्ये या दोन्ही गोष्टींचा मेळ बसला. कायटिनवर ही दोन्ही कामे एकाच वेळी सुरू होतात. जिवाणू शेजाऱ्याला भोसकतो, तो फुटतो, आणि त्याचा सांडलेला डीएनए हा उचलतो. त्या डीएनएत औषधाला न जुमानणारे जनुक असेल तर तेही आयते मिळते. एका कवचाच्या चार-दोन मिलिमीटर जागेत जेवण, मारामारी आणि वारसाहक्क सगळे चालू असते. आगरच्या गुळगुळीत बशीवर यातले काही दिसत नव्हते.

याचा उपयोग आधी झाला तो औषधात नव्हे, पाण्यात. कवचधारी जीवांना चिकटलेला जिवाणू कापडात अडकतो हे ओळखून अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रिटा कोलवेल आणि सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या गावांत जुन्या साडीच्या चार पदरी घडीतून पाणी गाळायला शिकवले. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले.

हॉस्पिटलात हीच चिकट वस्ती लघवीच्या नळीत, कृत्रिम सांध्यावर, हृदयाच्या झडपेवर बसते. प्रयोगशाळेत आगरवर जिवाणू पसरतात, औषध लावलेल्या कागदी चकत्या ठेवतात, दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजतात. वर्तुळ मोठे असेल तर ‘औषध लागू पडते’ असा शेरा येतो. तरीही नळी काढेपर्यंत ताप हटत नाही, हा अनुभव वॉर्डातल्या प्रत्येक परिचारिकेला आहे. शेरा खोटा नसतो. तो वस्ती न केलेल्या जिवाणूंबद्दल असतो. थराच्या आत काही पेशी जवळपास निपचित पडून असतात, आणि वाढत्या पेशीवर घाव घालणारी औषधे त्यांना शिवत नाहीत. अशा पेशी जोसेफ बिगर यांनी १९४४ मध्येच, पेनिसिलिनच्या ऐन भरात, दाखवल्या होत्या.

औषधशोधाची आजची दिशा यातून समजते. २०१५ मध्ये टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक सापडले ते जिवाणूला मातीतून उपटून नव्हे, तर जाळीदार कप्प्यांत ठेवून पुन्हा मातीतच पुरून वाढवल्यामुळे. २०२५ मध्ये जाहीर झालेले लॅरिओसिडिन कॅनडातल्या एका परसबागेच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळाले. २००२ मध्ये एका स्ट्रेप्टोमायसिसचा जनुकसंच वाचला तेव्हा त्यात अशी द्रव्ये बनवण्याचे वीसेक आराखडे निघाले, पण बशीत मोजकेच वापरात येत होते. बाकीचे जागे करायला आता दोन जिवाणू मुद्दाम शेजारी वाढवतात. दुसरीकडे २०२० मधले हॅलिसिन संगणकाने जुन्या रेणूंच्या साठ्यातून निवडले. त्या कामाला मी कमी लेखत नाही, पण संगणकाला शिकवायचा धडा शेवटी जिवाणूकडूनच घ्यावा लागतो. भारताच्या वाट्याला आलेले यश जुन्या वाटेवरचे आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या सेफेपिम-एन्मेटाझोबॅक्टम या जोडऔषधातला दुसरा घटक चेन्नईच्या ऑर्किड फार्माने शोधला. तो जिवाणूकडचे, औषध तोडणारे विकर (एन्झाइम) अडवतो. पहिला घटक ब्रोट्झूच्या सांडपाण्यातल्या बुरशीच्या वंशातला.

आता पुन्हा आपल्या बंदराकडे. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलला आहे. जहाजाच्या तळावर आधी जिवाणूंचा थर कसा बसतो आणि मग त्यावर शिंपले कसे येतात, याचा तिथे दीर्घ अभ्यास झाला आहे. ताळगाव पठारावर गोवा विद्यापीठात मिठागरांतल्या, म्हणजे मिठाने दाटलेल्या पाण्यातही जगणाऱ्या सूक्ष्मजीवांवर काम होते. मुरगाव बंदरात खनिज न्यायला येणारी जहाजे रिकामी येतात, तोल सांभाळायला टाक्यांत परक्या बंदराचे पाणी भरून आणतात आणि माल चढवताना ते सोडतात. त्या पाण्यातून कवचधारी जीव आणि त्यांच्यावरचे व्हिब्रिओही प्रवास करतात. पटकीचा जिवाणू औषधांना न जुमानणारी जनुकेही बाळगू शकतो, हे २०११ मध्ये दिल्लीतल्या पाण्याच्या तपासणीत दिसले. प्रबळ प्रतिजैविकांनाही निकामी करणारे एनडीएम-१ हे जनुक तिथे पटकीच्या जिवाणूतही आढळले होते.

जहाजांच्या या पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय करार झाला तो २००४ मध्ये आणि लागू झाला २०१७ मध्ये. विषारी पटकीच्या जिवाणूची त्यातली मर्यादा अशी : १०० मिलिलिटर पाण्यात बशीवर एक ठिपका उठवण्याइतकाही जिवाणू असता कामा नये. मोजणी ठिपक्यांची आहे, म्हणजे कॉखच्या पद्धतीची. थंडी किंवा उपासमार झाली की पटकीचा जिवाणू जिवंत राहूनही बशीवर वाढणे थांबवतो, हे कोलवेल यांच्या गटाने १९८२ पासून दाखवत आणले आहे. असा जिवाणू त्या मोजणीत येत नाही. तो जनुकांवरून हुडकता येतो, पण जनुक सापडले म्हणजे पेशी जिवंतच आहे असेही नाही. जहाज धक्क्याला असेपर्यंत, काही तासांत, हा फरक ओळखणारी भरवशाची तपासणी बसवणे हे काम अजून चालू आहे.