दम लवकर वाढतो, नडगी मागून येते

भाच्याने १ जानेवारीला नाशिकच्या गोल्फ क्लबच्या मैदानावर धावायला सुरुवात केली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष, कॉलेज रोडला रूम, दिवसभर लॅपटॉप, रात्री मोबाईल, आणि कोपऱ्यावरच्या मिसळीलाही मित्राच्या गाडीवर. संक्रांतीला घरी आला तो जिन्याचा कठडा धरूनच. नडगीच्या आतल्या कडेला बोट लावलं की कळवळायचा. "मामा, धावणं माझ्याच्याने होणार नाही," असा निकालही देऊन मोकळा झाला.

खरं तर घोळ आळसाचा नव्हता, घाईचा होता. व्यायाम सुरू केला की शरीराचे सगळे भाग एका वेगाने सुधारत नाहीत. रक्तातला द्रवभाग काही दिवसांतच वाढतो, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागतं. काही आठवड्यांत स्नायूंच्या पेशींतली मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे ऊर्जा तयार करणारी केंद्रं, वाढतात. दम टिकू लागतो आणि पोरगं खूश होतं. हाडाचा कारभार मात्र आपल्या रस्त्यांसारखा: आधी खोदायचं, मग सावकाश भरायचं. नव्या भाराला तोंड देण्यासाठी हाड जुना भाग काढून नवा घालतं आणि हे चक्र पुरं व्हायला तीन-चार महिने जातात. स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडराही अशाच संथ. दुसऱ्या आठवड्यात दम म्हणतो पळ, नडगी म्हणते थांब. आमच्याकडे नडगीचं कुणी ऐकलं नाही.

बसून राहण्याने विशीतही किती नुकसान होतं, याचा एक गाजलेला प्रयोग १९६६ साली अमेरिकेत डॅलसला झाला. विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणातच ठेवलं. शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसलं की तीस वर्षांनी वाढलेल्या वयाने केलं नव्हतं एवढं नुकसान त्या तीन आठवड्यांनी केलं होतं. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त आवडते: अंथरुणातून उठल्यावर आठ आठवड्यांच्या सरावात त्यांनी गेलेलं सगळं परत मिळवलं होतं.

मग नडगी न दुखवता हृदयाला कामाला कसं लावायचं? चालताना एक तरी पाय जमिनीवर असतोच. धावताना मधे क्षणभर दोन्ही पाय हवेत असतात आणि प्रत्येक पावलाला शरीर जमिनीवर आदळतं. तो भार वजनाच्या दोन ते तीन पट असतो, म्हणजे साठ किलोच्या मुलाला एकेका पायावर १२० ते १८० किलो. सायकलवर बरंचसं वजन सीट उचलते. पाण्यात कमरेपर्यंत उभं राहिलं तर पायांवर जेमतेम निम्मं वजन उरतं.

धक्का कमी म्हणजे मेहनतही कमी, असं मात्र नाही. फेब्रुवारीत त्याला डोंगरावरच्या पांडवलेण्यांवर पायऱ्या चढून नेलं. चढताना पाऊल वरच्या पायरीवर नुसतं ठेवायचं असतं, उंचावरून पडत नाही. त्यामुळे आदळणं नाही, पण अख्खं शरीर मात्र वर उचलायचं. लेण्यांच्या दारापाशी त्याचं मनगट धरून घड्याळ पाहिलं. १५ सेकंदांत ४१ ठोके, म्हणजे मिनिटाला १६४. २२० वजा वय या ढोबळ हिशोबाने त्याची कमाल मर्यादा २००. एकही पाऊल न धावता पठ्ठ्या ८२ टक्क्यांवर! (उतरण्याचं वेगळं आहे. तिथे मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मांड्या धरतात.)

रोज इतकं ओढायची गरज नाही. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतका वेग पुरे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना अशी मध्यम मेहनत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंना ताकदीचं काम. पाच दिवस कृषीनगरच्या ट्रॅकवर अर्धा तास झपझप चाललं की १५० झाले. दोन दिवस रूमवरच उठाबशा आणि भिंतीला हात टेकून जोर.

एक गोष्ट अशा बिनधक्क्याच्या व्यायामाचे भक्त सहसा सांगत नाहीत. हाडाला थोडा धक्का हवाच असतो. वर्षानुवर्षं फक्त सायकल चालवणाऱ्यांची हाडं धावणाऱ्यांच्या मानाने कमी घट्ट आढळली आहेत. म्हणून एप्रिलपासून भाचा पाच मिनिटं चालतो, एक मिनिट धावतो, पुन्हा चालतो. नडगी दुखली की तो मिनिट रद्द.

गेल्या रविवारी सकाळी सहाला पुन्हा पांडवलेण्यांवर गेलो, वेग तोच. वर पोचल्यावर त्याने स्वतःच मनगट पुढे केलं. १५ सेकंदांत ३४ ठोके. तेवढंच रक्त आता हृदय कमी ठोक्यांत पुरवतंय. उतरताना मात्र तो पुढे आणि गुडघा धरून मी मागे.