डोलकाठीच्या टोकावर व्हीएचएफ लावा, जीपीएस नको

बेलापूरला खाडीकाठी होडीवाल्यांच्या गप्पांत दर हंगामात तेच कानावर येतं: अँटेना जितका उंच तितका चांगला. मग कुणीतरी जीपीएस डोलकाठीवर चढवतो, व्हीएचएफ, म्हणजे होड्यांनी आपसात बोलायच्या रेडिओचा अँटेना, मागच्या रेलिंगला बांधतो आणि आवाज लांब पोचेना म्हणून रेडिओ बदलायला निघतो. दोन्हींना अँटेनाच म्हणतात, पण एकाला आकाश बघायचं असतं, दुसऱ्याला क्षितिज.

जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर आहेत. तिथे बारा मीटर उंचीने काहीच साधत नाही. उलट होडी २० अंश कलली की १२ मीटरच्या डोलकाठीचं टोक ४ मीटर बाजूला जातं, ती हालचाल वेगात मिसळते आणि आकडे नाचतात. रेलिंगवर मोकळं आकाश मिळालं की पुरे.

व्हीएचएफचं तसं नाही. चॅनल १६, म्हणजे संकटाचा आणि हाक मारायचा चॅनल, १५६.८ मेगाहर्ट्झवर असतो, या लहरी जवळपास सरळ जातात आणि पृथ्वीच्या गोलाईत अडतात. ठाण्याच्या चाळींवर दूरदर्शनचा अँटेना उंच पाइपवर असायचा, कारण वरळीच्या मनोऱ्यापर्यंत वाट मोकळी लागायची. डिश मात्र पहिल्या मजल्याच्या ग्रिललाही चालते. नेमका हाच फरक.

हिशोब सोपा आहे. उंचीच्या मीटरांचं वर्गमूळ काढा, ४.१ ने गुणा, किलोमीटर मिळतात. रेलिंगवर अडीच मीटरला साडेसहा, डोलकाठीवर बारा मीटरला चौदा. समोरच्याचं अंतर यात मिळवा: दोन्ही होड्यांचे अँटेना रेलिंगवर असतील तर १३ किलोमीटर, टोकावर असतील तर २८. रेडिओ २५ वॅटचाच राहतो. वॅटने क्षितिज सरकत नाही, हे मी कितीदा सांगितलं असेल!

"पण लांब केबलमध्ये ताकद जाते," असं म्हणतात. जाते. आरजी-५८ या बारीक केबलच्या २० मीटरमध्ये निम्म्याहून जास्त जाते. तरीही दूरवर पोचायला उंचीच कामी येते. मी जाड, कमी ताकद खाणारी आरजी-२१३ च घालतो. वर वजन वाढतं, वाढू दे. जोड मात्र जपा. मागच्या पावसाळ्यानंतर एका मित्राच्या होडीत डोलकाठीच्या बुडाशी कनेक्टर उघडला, तर आतली तांब्याची जाळी हिरवी पडून बोटांत चुरली. रबराची टेप गुंडाळलेलीच नव्हती.

अँटेना ३ डीबीचा घ्या; डीबी म्हणजे अँटेना लहरी किती एकवटतो त्याचं माप. जास्त डीबीचा झोत चपटा असतो, होडी कलली की पाण्यात नाहीतर आभाळात जातो. एआयएस, म्हणजे होड्यांची जागा एकमेकींना कळवणारी यंत्रणा, व्हीएचएफच्याच पट्ट्यात चालतं, त्यालाही उंची लागते.

डोलकाठी मोडली तर वरचा अँटेनाही जातो. म्हणून रेलिंगवर एक छोटा जादा व्हीएचएफ अँटेना लावा आणि त्याची केबल आजच रेडिओपर्यंत ओढून ठेवा.