सेस्तो हा मिलानचा भाग नव्हे

मिलानच्या मेट्रोची लाल लाइन 1986 पासून थेट सेस्तो सान जोव्हान्नीपर्यंत जाते. वाटेत हद्द कुठे संपली ते खिडकीतून कळतही नाही. म्हणूनच बहुधा ‘सेस्तो म्हणजे कारखान्यांमुळे वसलेलं मिलानचं उपनगर’ असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. सेस्तोची नगरपालिका वेगळी आहे आणि 1954 पासून त्याला शहराचा दर्जाही आहे.

कारखाने आले ते विसाव्या शतकात: ब्रेडा, काम्पारी, फाल्क, मग मान्येती मारेल्ली. गाव मात्र कितीतरी जुनं. ‘सेस्तो’ म्हणजे सहावा; मिलानपासून सहाव्या रोमन मैलावरचं ठिकाण. इथल्या पेलुक्का हवेलीच्या भिंती सोळाव्या शतकात चित्रकार बेर्नार्दिनो लुईनीने भित्तिचित्रांनी रंगवल्या. संत कॅथरीनचा देह हलकेच उचलून नेणारे त्यातले देवदूत आज मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात आहेत. ते बघताना मूळ भिंत सेस्तोची होती, हे जरूर आठवावं.

कामगारांचं ऋण मोठंच आहे. मार्च 1944 मध्ये शहर नाझींच्या ताब्यात असताना त्यांनी संप केला आणि अनेकांची रवानगी छळछावण्यांत झाली. फाल्क वसाहतीतली घरं अजून उभी आहेत. पण कारखान्यांनी गाव वाढवलं, वसवलं नाही.